गायधनींचे शुक्रवारचे मासे

शुक्रवारी पहाटे गुरुप्रसाद गायधनी कणीक भिजवतात. पोळ्यांसाठी नव्हे. पोळ्या त्यांना कधी जमल्याच नाहीत. त्या शेजारच्या मंगफ वस्तीतल्या एका बाईंकडून डब्यातून येतात. ही कणीक घट्ट, तेलाचा हात न लावलेली आणि तिच्यात चीजचा एक तुकडा कुस्करलेला. ती ओल्या फडक्यात गुंडाळायची, एका हातात काठी, दुसऱ्या हातात निळी बादली घ्यायची आणि अबू हलीफाच्या किनाऱ्यावर जायचं. नाशिकच्या पंचवटीतलं गायधनींचं घराणं म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूणही ज्यांच्या दाराबाहेर थांबतात असं. त्या घरातला सत्तावन्न वर्षांचा सुपुत्र कुवेतच्या समुद्रात मासे धरतो हे कळलं, तर तिकडे किती जणांना भोवळ येईल सांगता येत नाही. म्हणून ते कुणाला कळू दिलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

बायको म्हणजे सुमन. ती आणि गायधनी इथे वीसेक वर्षं एकत्र राहिले, मुलगी मुक्ता इथल्याच शाळेत शिकली. मग नाशिकला गायधनींच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि सुमन तिच्याजवळ राहायला गेली. वर्षभरात आई गेली, पण तोवर सुमनचं तिकडे बस्तान बसलं होतं. भजनी मंडळ होतं, गच्चीवर कुंड्या होत्या, पुढे पुण्याला मुक्ताचं बाळ आलं. "आता तिकडे येऊन मी भिंतींकडे बघत बसू का?" असं तिने फोनवर विचारलं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. भिंतींकडे बघायचं काम मग एकट्या गायधनींकडे आलं. नोकरी सोडून परत जावं, तर सुमन म्हणायची, "अजून दोन-तीन वर्षं काढा, एवढं काय," आणि तेही काढत राहिले.

नोकरी मीना अब्दुल्ला इथल्या तेलशुद्धीकरण प्लांटवर, एका कंत्राटदार कंपनीत. कोणता पंप कधी उघडायचा, कधी जोडायचा, याचं नियोजन करणारे इंजिनियर. रविवार ते गुरुवार माणसं त्यांच्याशी भरपूर बोलतात, पण पंपांबद्दल. गुरुवारी संध्याकाळी गाडी बिल्डिंगखाली लावून ते चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत शिरले की त्यांच्या कानावर माणसाचा आवाज पडतो तो टीव्हीतला. सुमनचा फोन रोज येतो, औषध घेतलं का, डबा आला का. मुक्ताला फोन केला तर, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, कॉल यू लेटर." ते लेटर बहुधा येत नाही. तिचं काही चुकत नाही. कुणाचंच काही चुकत नसतं, हीच तर अशा एकटेपणाची मोठी पंचाईत. भांडायला समोर कुणी मिळत नाही.

मासे धरायला शिकवलं नबीलने. नबील अलेक्झांड्रियाचा, प्लांटवर सुपरवायझर, गडगडाटी हसणारा गडी. सुमन नाशिकला गेल्यानंतरच्या पहिल्या वसंतात त्याने गायधनींना एका शुक्रवारी जवळजवळ ओढत किनाऱ्यावर नेलं. कोळंबी गळाला लावायची म्हटल्यावर गायधनी दोन पावलं मागे सरले. नबीलने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, कणीक चालेल, चीज घालून. कणकेच्या गोळ्या करायला गायधनींना शिकवावं लागलं नाही. त्यांचे वडील रामकुंडाशी उभे राहून रोज सकाळी माशांना कणकेच्या गोळ्या घालायचे, पुण्य लागतं म्हणून. मुलाने त्याच गोळीत गळ लपवला. पहिला मासा लागला तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक "श्रीराम" निघालं, आणि नंतर प्रत्येक माशाला ते निघत राहिलं.

त्या माशाला इथे शेम म्हणतात. वीत-दीड वीत लांब, चपटा, रुपेरी, पंखांना पिवळी झाक. हिवाळा संपत आला की तो खोल पाण्यातून उथळ पाण्यात येतो. उथळ म्हणजे किती, तर गुडघाभर, कधी त्याहून कमी. भरतीचं पाणी हळूहळू वर चढायला लागतं, रात्रभर गारठलेल्या वाळूवर ऊन पडून ते कोमट होतं, आणि त्या कोमट पट्ट्यात शेम चरायला येतात. तरंगत्या बुचाखाली जेमतेम हातभर दोरी सोडायची. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. बूच एकदा थरथरलं तर गप्प राहायचं, दुसऱ्यांदा बुडालं की मनगट वर. हे सगळं गायधनी इंजिनियराच्या चिकाटीने शिकले.

अवघड काय असेल तर हवा. मार्च-एप्रिलात कुवेतची हवा दिवसातून तीनदा कपडे बदलते. सकाळी आल्हाद, दुपारी धूळ, संध्याकाळी गडगडाट. त्या अचानक उठणाऱ्या वादळांना इथले लोक सरायात म्हणतात. वादळापूर्वी दक्षिणेकडून दमट, चिकट वारा येतो, पाणी गढुळतं, आणि मासे मंगलकार्यात पंगत बसावी तसे आमिषावर तुटून पडतात. वादळ होऊन वायव्येचा कोरडा वारा सुटला की पाणी गार आणि काचेसारखं स्वच्छ होतं, आणि तुम्ही सोन्याची गोळी टाका, एक मासा फिरकायचा नाही. गायधनींना याची नोंद ठेवावी लागत नसे. कान आणि मान यांना आपोआप कळायला लागलं होतं.

दोन वसंतांनंतर नबील कुवेत सोडून कायमचा घरी गेला. जाताना आपली काठी गायधनींना दिली आणि एकच गोष्ट बजावली. पकडलेला मासा कुणाच्या तरी पोटात गेला पाहिजे, उगाच मारलास तर ते पाप. गायधनींना ते पटलं. स्वतः खायचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे द्यायला हवा. आणि द्यायचा म्हणजे कुणाच्या तरी दाराची बेल वाजवायला हवी.

ती बेल वाजवता येणं, हेच हळूहळू त्या माशांचं खरं मोल झालं. तुम्ही कुवेतमधल्या फ्लॅटांच्या बिल्डिंगीत राहिला नसाल तर हे लक्षात यायचं नाही. तिथे लिफ्टमध्ये माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघतात. चार वर्षं शेजारी राहून नाव माहीत नसतं. कुणाच्या दारात जायला तुमच्याकडे काम हवं, आणि गायधनींसारख्या माणसाकडे कुणाचं काय काम असणार? मासे मात्र काम होते. शुक्रवारी दुपारी ते आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पिवळ्या पिशव्यांतून मासे घेऊन निघत. पहिल्या मजल्यावर फर्नांडिस नावाचं गोवेकर कुटुंब, तिसऱ्यावर एक मल्याळी डॉक्टर, दुसऱ्यावर लता. दार उघडे, "अरे वा, अंकल!" होई, हवापाण्याचं दोन मिनिटं बोलणं होई. तीन दारांची सहा मिनिटं. त्यावर गायधनींचा आठवडा निघे.

पुढे दारं कमी झाली. डॉक्टर दुसरीकडे राहायला गेला. फर्नांडिसबाईंनी एका मार्चमध्ये फार गोड आवाजात सांगितलं, "अंकल, अभी लेंट चल रहा है ना, फिश नहीं खाते." उपासतापास म्हणजे गायधनींच्या घरचाच विषय. त्यांनी अतिशय आदराने पिशवी मागे घेतली, आणि पुन्हा त्या दारात कधी गेले नाहीत; न जाणो, कोणता उपास चालू असेल.

उरली लता. लता परब, कुडाळची, सरकारी हॉस्पिटलात नर्स. नवरा विजय आणि शाळकरी मुलगी गावी, ही इथे एका खोलीत. अंगाने किरकोळ, बोलायला चटपटीत. मासे खाणाऱ्यांच्या गावातली म्हणून गायधनींना तिच्याकडे पिशवी देताना विशेष समाधान वाटे. ती दार उघडायची, पिशवी घ्यायची, आणि "काका, मागचे मासे छान होते हां," असं न चुकता म्हणायची. गायधनी विचारायचे, "काय केलंस?" ती सांगायची, "तिरफळं घालून आमटी." कधी, "रव्यात तळले." गायधनींना तिरफळाची चव ठाऊक नव्हती, तरी वर येऊन ती आमटी ते मनातल्या मनात चारचौघांना वाढत. आत या म्हटलं तरी ते जात नसत. अंगाला वास येत असेल म्हणून दारातूनच परतत. पण ते दार बंद झालं असतं तर कुवेतमध्ये त्यांचं असं कुणी उरलं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या एका दाराला ते मनापासून जपत.

त्या शुक्रवारी सकाळीच हवेने रंग दाखवला. दक्षिणेचा वारा, ओला आणि जड. आकाश कळकट पितळेच्या रंगाचं. शहाण्या माणसांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. गायधनी पाण्यात उभे राहिले आणि पहिली गोळी टाकताच बूच सरळ खाली गेलं. श्रीराम. दुसरी टाकली, श्रीराम. मासे असे लागत होते की त्यांना कणकेच्या गोळ्या वळायला सवड मिळेना. बादली पाऊण भरली. आजूबाजूला कुणी नव्हतं, नाहीतर गायधनींनी परक्या माणसालाही हाक मारून ती दाखवली असती. एवढा आनंद झाला आणि तो सांगायला शेजारी कुणी नाही, याने त्यांचं मन एकदम उतरलं. तरी लताला सांगता येईल, असं म्हणून त्यांनी स्वतःला सावरलं.

आता त्या बादलीबद्दल. बादलीत ते समुद्राचंच पाणी भरून ठेवत आणि मासा धरला की त्यात सोडत. तो थोडा वेळ फिरे, मग उताणा होई, आणि दुपारपर्यंत तसाच त्या पाण्यात उन्हात राही. गायधनींच्या मते हे अगदी शास्त्रशुद्ध होतं. त्यांच्या घरी कोथिंबिरीची जुडी पाण्यात उभी ठेवली की दोन दिवस टवटवीत राहायची; पालकाचंही तेच. मासा तर पाण्यातलाच, त्याला पाण्याबाहेर ठेवून कसं चालेल? शिवाय स्वच्छतेची आवड. बादली ते दर वेळी डेटॉलने धूत आणि एक झाकणभर पाण्यातही टाकत. नबील आपले मासे एका मोठ्या झाकणाच्या पेटीत टाकून घेऊन जाई. त्या पेटीत थंड पेयं असतात आणि मासे तो गबाळेपणाने त्यांच्यावरच टाकतो, अशी गायधनींची समजूत होती. गायधनींनी विचारलं नाही, आणि त्यांनी धरलेले मासेही तेव्हा नबीलच घेऊन जाई, त्यामुळे ते मासा ठेवणार कसा, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मासे धरण्याचे व्हिडिओ त्यांनी शेकड्याने पाहिले, पण ते सगळे मासा पाण्याबाहेर आला की संपत. पुढचं जगाला माहीत असतं ना!

दुपारी पश्चिमेकडे वीज लकाकली तेव्हा ते निघाले. घरी आले, आंघोळ केली, दोन पिशव्या भरल्या आणि लताची बेल वाजवली.

"बापरे, काका! इतके?"

"आज हवा फिरायच्या आधी असे लागलेत म्हणतेस... सांगतो तुला, बूच पाण्यावर ठरेना!" गायधनींनी हातवारे करून सगळं सांगितलं. लता दाराला टेकून ऐकत राहिली, हसली, मागचेही छान होते म्हणाली. ते वर आले तेव्हा खुशीत होते. चहा ठेवणार तोच पहिला गडगडाट झाला आणि त्यांना आठवलं, गाडीची काच खाली आहे. मासळीचा वास जावा म्हणून ते ती दर शुक्रवारी चार बोटं खाली ठेवत. आता चिखलाचा पाऊस पडणार. ते जिन्यानेच धावत खाली गेले.

बिल्डिंगच्या मागे, जिथे गाड्या असतात, तिथेच कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी आहे. तिच्याशी लता उभी होती, हातात त्यांच्या दोन पिवळ्या पिशव्या. बिल्डिंगचा राखणदार फारूक, बांगलादेशी, झाडू घेऊन तिला सांगत होता, "मॅडम, गाठ पक्की बांधके डालो. ये बिल्ली भी नहीं खाता. हर जुमा को बदबू होता है."

लताने गाठ मारली आणि पिशव्या आत टाकल्या. वळली तर समोर गायधनी.

पावसाचे मोठे, मातकट थेंब पडायला लागले होते. फारूकला काहीतरी उमगलं, तो झाडू घेऊन निघून गेला. गायधनी गाडीची किल्ली हातात घेऊन उभेच राहिले. काच लावायचं त्यांना सुचलं नाही.

"काका," लता म्हणाली. मग तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "तुमी इतक्या मायेन घेवन येतास, सांगूचा कसा तुमका?"

"खराब होते?"

"मासा धरला की लगेच बर्फात घालायला लागतो. पोट साफ करायला लागतं. तुम्ही आणता तोवर तो मऊ पडलेला असतो, पोट फुटलेलं असतं... आणि डेटॉलचा वास येतो काका."

"आजचेच? की..."

लता खाली बघत होती. "पहिल्यापासून."

"तिरफळाची आमटी?" गायधनींनी विचारलं. त्या क्षणी त्यांना दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही, ही त्यांची गंमत म्हणायची की आणखी काही, तुम्हीच ठरवा. लताने फक्त नकारार्थी मान हलवली. मग घाईघाईने म्हणाली, "पुढल्या वेळी बर्फाची पेटी घेऊन जा ना. मग मी खरंच करीन. शपथ." गायधनी "हो, हो, अवश्य" म्हणाले, गाडीत जाऊन बसले, काच वर केली आणि पाऊस थांबेपर्यंत आत बसून राहिले.

तो आठवडा वाईट गेला. लाज एकपदरी नव्हती. तीन वर्षं आपण एका बाईच्या दारात कुजकी मासळी नेऊन दिली, वर कौतुक करून घेतलं, ही एक. नबील गेल्यापासून एवढे जीव धरले, प्रत्येकाला श्रीराम म्हटलं आणि एकही कुणाच्या पोटात गेला नाही, ही दुसरी. त्या विचाराने त्यांना दोन रात्री जेवण गेलं नाही. पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ऑफिसातल्या एका मंगळुरी ख्रिश्चन सहकाऱ्याला त्यांनी उगाच विचारलं, लेंटमध्ये तुम्ही मासे खात नाही ना? तो हसला. म्हणाला, मटण-चिकन नाही खात, मासेच तर खातो! गायधनी जागेवर परत आले आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले. म्हणजे फर्नांडिसबाईंनी त्यांना सभ्यपणे दाराबाहेर काढलं होतं. आणि लताला तेवढं जमलं नव्हतं, इतकंच. आपण कुणाला हवे होतो असं जे तीन वर्षं वाटत होतं, ती केवळ एका मुलीची भीड होती. हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जाईना.

सुमनचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "आवाज का असा?" एवढं एक वाक्य विचारणारं माणूसच त्यांना हवं होतं, पण बोलायचं तर बादलीपासून सुरुवात करावी लागली असती. "धूळ आहे हवेत," ते म्हणाले.

तरी गुरुवारी त्यांनी पेटी आणली. चांगली जाड, पांढरी, झाकणाला पट्टा असलेली. बर्फाच्या दोन थैल्या घेतल्या. माशाचं पोट साफ करायचा व्हिडिओ डोळे किलकिले करून पूर्ण पाहिला. मधे एकदा उठून खिडकीशी जाऊन आले, पण पाहिला. एकदाच, फक्त एकदा, लताला खरा चांगला मासा नेऊन द्यायचा. तिने तो खाल्ला की आपलं दार आपल्याला परत मिळेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि शुक्रवारी वायव्येचा वारा सुटला. पाणी काचेसारखं. वाळूवरचा शंख दिसत होता, खेकड्याच्या पायांचे ठसे दिसत होते, आणि मासा एकही नव्हता. गायधनींच्या मानेला हे घरातून निघतानाच कळलं होतं, पण या वेळी त्यांनी मानेचं ऐकलं नाही. ते पोटऱ्या बधिर होईपर्यंत पाण्यात उभे राहिले. दोरी लांब केली, आखूड केली, गोळ्या बारीक केल्या. जागा बदलली. भरती आली, भरली, उतरायला लागली. बूच पाण्यावर इतकं स्वस्थ होतं की त्याच्यावर माशी बसली. शेवटची कणीक त्यांनी बिनगळाचीच पाण्यात टाकली आणि बाहेर आले. पेटीत बर्फाचं पाणी झालं होतं.

गाडीत बसल्यावर त्यांना एक शक्कल सुचली. शहरात शर्क भागात मासळीबाजार आहे. बर्फावर रांगेने मांडलेले ताजे शेम मिळतात, साफ करूनही देतात. कुणाला कळणार आहे? त्यांनी गाडी घराकडे न वळवता सरळ शहराच्या रस्त्याला लावली. वस्ती सोडली की सरळसोट हमरस्ता, धुतलेलं निळं आकाश, शुक्रवारची दुपार म्हणून वाहतूक तुरळक. अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाशी त्यांनी गाडी थांबवली. तीन वर्षं लता खोटं बोलली. आता आपण बोलायचं. मग ती खरंच म्हणणार, काका, छान होते, आणि आपण वर जाऊन परत तेच चघळत बसणार. त्यांना एकदम या सगळ्याचा वीट आला. माशांचा, पिशव्यांचा, दारातल्या दोन मिनिटांचा. त्यांनी गाडी वळवली.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. पेटी गाडीतच होती. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. आधी मागे बांधले, मग खिशात घातले, मग काढले. बेलकडे बोट नेलं आणि परत घेतलं. पंचवटीत माणूस कुणाच्याही घरात नुसता शिरतो, कशाला आलास म्हणून कुणी विचारत नाही. इथे मात्र रिकाम्या हाताने एका दारासमोर उभं राहायला त्यांना जेवढं बळ लागलं, तेवढं प्लांटला आग लागली होती तेव्हाही लागलं नव्हतं. त्यांनी बेल वाजवली.

लता युनिफॉर्ममध्ये होती, संध्याकाळच्या ड्युटीच्या तयारीत, केसांना पिना लावत. तिची नजर पहिली त्यांच्या हातांकडे गेली.

"मासे?"

"नाही लागला आज. एकसुद्धा नाही."

"मग?"

ती सहज बोलून गेली, पण गायधनींना ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. मग काय? वर जाताना डोकावलो, पाणी नव्हतं, मीटर बघायचा होता, अशा चार सबबी त्यांच्या तोंडापर्यंत आल्या. त्यांनी त्या गिळल्या.

"मला वर करमत नाही, लता," ते म्हणाले. "मासे वगैरे सगळं निमित्त होतं. मला कुणाशी तरी बोलायचं असतं, म्हणून मी येतो. तू भिडेखातर दार उघडत होतीस, ते कळलं मला. आता मासे नाहीत. तू नको म्हणालीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि ते दोघांनाही कळलं.

लताच्या दातांत पिन होती. ती तिने काढून हातात धरली. "काका, मासे टाकले मी. सगळे टाकले. पण शुक्रवारी दुपारी मी कुठे जात नाही, ते माहीत आहे तुम्हाला? मुली मॉलमध्ये बोलावतात, जात नाही. काका येऊन जातील, बेल वाजेल, म्हणून बसून राहते." तिचा आवाज जरा चढला, रागावल्यासारखा. "भीड कसली? ह्या बिल्डिंगीत माझी बेल दुसरो कोण वाजयता?"

लताने पायाने चपला बाजूला सारून वाट केली आणि ती आत गेली. तेही तिच्यामागून आत गेले आणि समोरच्या एकुलत्या खुर्चीवर बसले. तिने गॅस पेटवला, आधण ठेवलं. खाली हॉस्पिटलच्या गाडीने हॉर्न दिला.

"तुझी गाडी आली," गायधनी उठू लागले.

"वाजवू दे त्याला," लता पाठमोरीच म्हणाली. "साखर किती?"

गायधनी परत खुर्चीवर टेकले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याला फार दिवस झाले होते.